निर्णयापूर्वीची चौकशी : दुकानात, घरात आणि संस्थेत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलावे म्हणून विश्वस्तांनी मला विचारले, तेव्हा प्रथम मी नम्रपणे नकार दिला होता. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण म्हणाल तर बी.कॉम., तेही दिवसा गल्ल्यावर बसून आणि रात्री पुस्तके उघडून पूर्ण केलेले. तत्त्वज्ञानावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा आणि साधू-साध्वींचा, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. परंतु विश्वस्त म्हणाले, "शेठ, तुम्ही चाळीस वर्षे माणसे आणि कापड पारखता आहात, त्याविषयी बोला." मग मात्र मला नाही म्हणता येईना, कारण माणसाची पारख करताना माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे, आणि आजचा विषय मला त्या चुकीमुळेच सापडला आहे.

आमचे दुकान वडिलांनी सुरू केले. औद्योगिक वसाहत उभी राहत होती, कारखान्यांत गावोगावचे कामगार येत होते, आणि भोसरी हे अजून गावच होते. पुढे १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, तसे दुकानही वाढले. शर्टिंग, सुटिंग, पॉपलीन, मांजरपाट आणि कारखान्यांच्या गणवेशाचे कापड हा आमचा मुख्य माल.

१९९४ च्या मार्च महिन्यात वर्षअखेरची माल-मोजणी केली, तेव्हा पॉपलीनमध्ये तूट आली. बिलाप्रमाणे नऊ हजार मीटर माल दुकानात आला होता. विकलेला आणि शिल्लक मिळून हिशेब लागत होता आठ हजार आठशे वीस मीटरचा. एकशे ऐंशी मीटर कापड गेले कोठे? कापताना थोडीफार घट येते हे आपण सारे जाणतो, पण एवढी नाही.

दुकानात वडिलांच्या काळापासून एक सेल्समन होते. वयाने माझ्याहून मोठे. मी त्यांना भाऊ म्हणत असे. त्या वर्षी त्यांच्या पत्नीचे आजारपण झाले होते आणि त्यांनी दोन वेळा पगाराची उचल मागितली होती. तुटीचा आकडा समोर आला आणि क्षणात माझ्या मनाने हिशेब जुळवून टाकला. गरज होती, संधी होती, किल्लीही त्यांच्याकडे असे. आणखी काय पाहिजे? मी त्यांना आत बोलावले. ते एवढेच म्हणाले, "शेठ, एकदा थाने मोजून पाहू या." मला ती पळवाट वाटली. मी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितले. पोलिसांत गेलो नाही, याला मी त्या वेळी माझा मोठेपणा समजत होतो.

दोन वर्षांनी नवीन आलेल्या मुलाने एक थान सहज मोजपट्टीला लावले. थानाची प्रत्येक घडी मीटरभराची असावी लागते. आपण घड्या मोजतो आणि मीटर धरतो. ती घडी अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरची होती. दुसरे थान काढले, तिसरे काढले. एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येणाऱ्या पॉपलीनची प्रत्येक घडी दोन सेंटिमीटरने कमी होती. नऊ हजारांवर दोन टक्के म्हणजे किती, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. बरोबर एकशे ऐंशी.

त्या व्यापाऱ्याशी मी व्यवहार थांबविला; तो विषय तेथे संपला. भाऊंचा विषय मात्र संपला नाही. मधल्या दोन्ही संवत्सरीला मी गावभर हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत फिरलो होतो. ज्यांचा मी काडीचाही अपराध केला नव्हता अशांचीही क्षमा मागितली होती. ज्याची मागायला हवी होती, तो माणूस दिघीत राहत होता. म्हणजे दुकानापासून काही फार लांब नाही. मी गेलो. ते तोवर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला लागले होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मी थकलेला पगार म्हणून पाकीट पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. चहा मात्र दिला. निघताना म्हणाले, "मी मोजू या म्हणालो होतो ना शेठ." या वाक्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अजून माझ्या मनातून जात नाही.

बंधू-भगिनींनो, यानंतर मी स्वतःला जो प्रश्न विचारू लागलो तो असा : मी दुष्ट बुद्धीने वागलो नव्हतो, खोटा हिशेब केला नव्हता, विचारही केला होता, मग माझ्या विचारात नेमके काय राहून गेले? याचे उत्तर मला अनेक वर्षांनी, एका सेवानिवृत्त प्राध्यापक स्नेह्यांनी दिलेल्या पुस्तकातून मिळाले. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाचे ते पुस्तक १९१० सालचे आहे आणि 'आपण विचार कसा करतो' हाच त्याचा विषय आहे. ते मूळचे शिक्षकांसाठी लिहिलेले असल्यामुळे माझ्यासारख्याला झेपले.

ड्यूई म्हणतात त्याचा सारांश असा. खऱ्या विचाराची सुरुवात अडचण जाणवण्यापासून होते. मग ती अडचण नेमकी कोठे आहे आणि कशी आहे, हे ठरवावे लागते. त्यानंतर मनात एखादा तोडगा किंवा तर्क सुचतो. चौथी पायरी अशी की, हा तर्क खरा असेल तर आणखी काय काय दिसायला हवे, याचा विचार करायचा. आणि शेवटी प्रत्यक्ष पाहून, करून, मोजून तो तर्क ठेवायचा किंवा टाकायचा.

आता माझी तूट या पायऱ्यांवर ठेवून पाहा. अडचण जाणवली होती, ती मीटरमध्ये मोजलीही होती. तर्क सुचला, "भाऊंनी नेले." येथे मी थांबलो आणि तर्कालाच निकाल समजलो. चौथी पायरी चढलो असतो तर? चोरी असती तर तूट महाग सुटिंगमध्ये दिसायला हवी होती. स्वस्त पॉपलीन कोण नेतो? चोरी असती तर ती सर्व व्यापाऱ्यांच्या मालात विखुरलेली असती. तूट फक्त एकाच्याच मालात होती. आणि चोरी असती तर ती इतक्या नेमक्या प्रमाणात आली नसती. हे सारे माझ्याच खतावणीत लिहिलेले होते, फक्त त्या दृष्टीने मी ती उघडली नाही. पाचवी पायरी तर भाऊंनी स्वतः सुचविली होती. दिवसभर हातात मोजपट्टी धरणाऱ्या माणसाने थान मोजले नाही.

या विचारपरंपरेला इंग्रजीत 'प्रॅग्मॅटिझम' म्हणतात आणि मराठीत 'फलप्रामाण्यवाद' असा शब्द आहे. तिचे पहिले आचार्य चार्ल्स सँडर्स पर्स. नावाचा उच्चार 'पर्स' असाच आहे, तेव्हा व्यापाऱ्यांच्या सभेत ते विसरले जाण्याची भीती नाही. पर्स यांनी १८७७ मध्ये एका लोकप्रिय विज्ञान मासिकात निबंध लिहून, माणसे आपली मते कशी पक्की करतात याच्या चार रीती सांगितल्या. पहिली रीत हट्टाची : मला वाटते म्हणून ते तसेच. दुसरी सत्तेची : वरच्यांनी सांगितले म्हणून. तिसरी मनाला पटण्याची : ऐकायला सुसंगत वाटते, म्हणून खरे असणारच. चौथी रीत शास्त्राची. तिच्यात आपल्या मताची सांगड आपल्या मताबाहेरच्या वस्तूशी घालावी लागते आणि आपण चुकलो असू शकतो, हे आधीच मान्य करावे लागते. मला वाटते, व्यापाऱ्याला सर्वांत जास्त धोका तिसऱ्या रीतीचा आहे. हट्टी माणूस धंद्यात फार दिवस टिकत नाही. परंतु सुसंगत गोष्ट रचणे आपल्याला फार चांगले जमते, कारण रोज गिऱ्हाइकापुढे आपण तेच करतो. भाऊंविषयी मी रचलेली गोष्ट किती सुसंगत होती!

येथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. 'फल' आणि 'व्यवहार' हे शब्द ऐकले की आपल्यापैकी काहींना वाटते, म्हणजे नफा झाला तर बरोबर आणि तोटा झाला तर चूक. तसे असते तर आपल्याला कोणी नव्याने तत्त्वज्ञान शिकविण्याची गरज नव्हती. या मंडळींचे म्हणणे वेगळे आहे. एखादे मत खरे आहे की नाही, हे त्या मताप्रमाणे पुढे काय काय घडायला हवे आणि ते घडते की नाही, यावरून पाहा, असे ते सांगतात. मला सोयीचे फळ मिळाले म्हणून मत खरे ठरत नाही. भाऊंना काढल्यानंतर दुकानात एक पगार वाचला, म्हणून काही माझा संशय खरा ठरला नाही.

अर्थात हा गैरसमज होण्यास थोडे कारण विल्यम जेम्स यांनीही दिले. १९०७ च्या त्यांच्या व्याख्यानांत कल्पनेची 'रोख किंमत' असा शब्दप्रयोग येतो आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्याच व्याख्यानांत त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपल्या पेढीवर लिहून ठेवावी इतकी आपली आहे. ते म्हणतात की आपली बहुतेक सत्ये उधारीवर चालतात. जोवर कोणी नोट नाकारत नाही तोवर ती चालते, तशी मते चालतात. पण या सगळ्या उधारीमागे कोठेतरी कोणीतरी प्रत्यक्ष पडताळणी केलेली असावी लागते, नाहीतर सारी पेढी बसते. उधारी वाईट असे जेम्स म्हणत नाहीत. उधारीशिवाय बाजार चालत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको. प्रत्येक थान प्रत्येकाने मोजावे असेही नाही. प्रश्न इतकाच की रोख कोणाकडे आहे, हे आपल्याला माहीत आहे का?

आता हे सारे अमेरिकेतले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक मराठी तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१६ पर्यंत तेथे शिकला. जॉन ड्यूई तेथे प्राध्यापक होते, आणि हा तरुण त्यांच्या वर्गात बसत असे. तो तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. आपल्या भोसरीपासून थोड्याच अंतरावर देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगाव दाभाड्याला त्यांचे घर होते. आपण या रस्त्यांनी नेहमी जातो, पण त्यांच्या विचारामागे ड्यूई होते हे आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे? मलाही साठीच्या उंबरठ्यावर कळले.

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. त्याच भाषणात नियम आणि तत्त्व यांतील फरक सांगितला आहे, तो आपल्या विषयाचा गाभा आहे. नियम हा पाककृतीसारखा असतो. काय करायचे आणि कसे करायचे ते ठरलेले. तत्त्व तुम्हाला कृती सांगत नाही, विचार कोणत्या बाजूने करायचा ते सांगते. नियमाने वागणाऱ्याची कृती बरोबर असली तरी यांत्रिक असते. तत्त्वाने वागणारा चुकूही शकतो, पण त्याची कृती जाणती असते आणि तिची जबाबदारी त्याच्यावर येते.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. "वर्षअखेरीस तूट आली तर किल्लीवाल्याला जाब विचारावा," हा माझ्या दुकानाचा नियम होता. नियम म्हणून त्यात वावगे काही नाही. पण नियम पाळल्यामुळे माझी जबाबदारी संपली, असे मी धरून चाललो होतो.

बाबासाहेबांची ही गुरुभक्ती शेवटपर्यंत टिकली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले होते, ड्यूईंची भेट होईल अशी आशा होती. पण १ जून १९५२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ड्यूई गेले. गुरु-शिष्यांची भेट राहून गेली. आपल्या बौद्धिक आयुष्याचे सारे ऋण त्यांचे आहे, अशा आशयाचे पत्र बाबासाहेबांनी तेथून पत्नीला लिहिले.

घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राज्यघटनेत दुरुस्तीची वाट मोकळी का ठेवली, याचे समर्थन केले आहे. एका पिढीने पुढच्या पिढ्यांना कायमचे बांधून ठेवू नये, हा त्यामागील विचार. याच घटनेच्या अनुच्छेद ३३४ मध्ये लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांना दहा वर्षांची मुदत घातली होती. ती संपत आली की संसदेने पुन्हा निर्णय करायचा. तसा तो प्रत्येक वेळी झाला आणि आताची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. "आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते," असे आपल्या बाजारात ओट्यावर बसून खात्रीने सांगितले जाते. ती मुदत विधिमंडळांतील जागांची होती, नोकऱ्यांची किंवा शिक्षणाची नव्हे. अनुच्छेद वाचायला पाच मिनिटे लागतात. मीही हे वाक्य वर्षानुवर्षे उधारीवर चालविले आहे, म्हणून कोणाला दोष देत नाही.

या विचाराची दुसरी वाट आपल्या भोसरीत थेट कारखान्यांच्या भिंतीवरून आली आहे. गणवेशाचे गठ्ठे पोहोचविण्याच्या निमित्ताने मी एमआयडीसीतील अनेक वर्कशॉपमध्ये जातो. तेथे फलकावर एक वर्तुळ काढलेले असते : योजना करा, करून पाहा, तपासा, सुधारा. 'पीडीसीए' म्हणून ते प्रसिद्ध आहे. याचे मूळ वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जाते. त्यांनी बेल कंपनीत गुणवत्ता नियंत्रणाचा तक्ता १९२४ साली मांडला, आणि १९३९ च्या आपल्या पुस्तकात सी. आय. लुईस या हार्वर्डच्या फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञाचा आधार घेतला. त्यांचे सहकारी डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले, तेथून ही पद्धत वाहनउद्योगात रुजली आणि वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या आपल्या पट्ट्यात येऊन पोहोचली. म्हणजे जे तत्त्वज्ञान शिकायला बाबासाहेबांना बोटीने न्यूयॉर्कला जावे लागले, ते आज लांडेवाडीच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेले आहे.

त्याचा अनुभवही सांगतो. एका कारखान्यातून तक्रार आली की गणवेशाच्या शर्टाचे खिसे तीन महिन्यांत फाटतात. मी लगेच जाड ड्रिलचे नमुने घेऊन गेलो. मीटरमागे दर अर्थातच जास्त. तेथील सुपरवायझर, वय असेल सव्वीस-सत्तावीस, म्हणाला, "काका, आधी का ते बघू." जपानी रीतीप्रमाणे ही मुले पाच वेळा 'का' विचारतात. खिसा का फाटतो? त्यात मोजमापाचे गेज ठेवतात म्हणून. गेज खिशात का? मशीनजवळ ठेवायला जागा नाही म्हणून. जागा का नाही? मशीनची मांडणी बदलली तेव्हा स्टँड काढला होता. पाचव्या प्रश्नापर्यंत जायची वेळच आली नाही. स्टँड परत बसविला आणि जुनेच कापड वर्षभर चालले. माझी मोठी ऑर्डर गेली, हे खरे. पण त्या मुलाने विचारलेला 'का' मी १९९४ साली विचारला असता, तर असे घरी येताना सारखे वाटत होते.

आता थोडे आपल्या घरचे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार भेद सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम काहीतरी आहे असे जाणवते, तो अवग्रह. ते नेमके काय असावे, हे विशेषत्वाने जाणण्याचा प्रयत्न ती ईहा. 'हे अमुकच' असा निश्चय तो अवाय. आणि तो निश्चय स्मरणात टिकणे ही धारणा. पाठशाळेत मी हे घोकले होते, अर्थ विचारला असता तर सांगताही आला असता. मात्र ड्यूई वाचल्यानंतर त्यातील ईहेचे मोल कळले. अवग्रह झाल्याबरोबर मी अवायावर उडी मारली होती आणि मग दोन वर्षे धारणा जपली होती.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. दोन्ही एकच आहे, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे ही ज्ञानाची मीमांसा आहे, तिच्या शिखरावर केवलज्ञान आहे, आणि ते परिपूर्ण आहे. ड्यूई-पर्स यांना असे परिपूर्णतेचे शिखर कोणा एका ज्ञात्याच्या ठायी मान्य नाही. 'अमक्याने ते आधीच सांगितले होते' असे म्हणण्याची आपल्याला हौस असते, तीही मला या ठिकाणी नको वाटते. परंतु आपण छद्मस्थ आहोत, आपले ज्ञान अपुरे आहे, आणि म्हणून आपल्या प्रत्येक विधानाला 'स्यात्' लागलेला आहे, ही शिकवण रोजच्या व्यवहारात उतरवायची कशी, याची एक कामचलाऊ रीत मला या परक्या मंडळींकडून मिळाली. प्रवचनात अनेकान्त आणि पेढीवर एकान्त, असे माझे चालले होते.

ती रीत आता मी कशी वापरतो ते सांगतो. त्यात विद्वत्ता काही नाही. काही वर्षांपूर्वी मुलाने चाकणला सुटिंग-शर्टिंगचे दुसरे दुकान काढण्याचा हट्ट धरला. तिकडे कंपन्या आहेत, कामगार हजारोंनी आहेत, कापड खपणारच, असे त्याचे म्हणणे. माझे म्हणणे नको. दोघांची मते पक्की, आणि घरात जेवताना बोलणे बंद. शेवटी आम्ही एका वहीत दोन रकाने केले. मुलाचे मत खरे असेल तर काय दिसेल, माझे खरे असेल तर काय दिसेल, हे आधीच लिहून ठेवले. मोठे डिपॉझिट भरण्याऐवजी दिवाळीच्या तीन महिन्यांसाठी एक गाळा भाड्याने घेतला आणि प्रत्येक गिऱ्हाईक काय विचारते, ते रोज टिपून ठेवले. सुटिंगचे कापड फारसे कोणी विचारले नाही. तरुण कामगार तयार कपडे घेतात, शिंप्याकडे जायला त्यांना वेळ नाही. पण चादरी, टॉवेल, ब्लँकेट यांची मागणी रोज होती. विदर्भ-मराठवाड्यातून आणि उत्तरेतून आलेली ही मुले एका खोलीत चार-पाच राहतात, नेसत्या कपड्यानिशी येतात आणि पहिली खरेदी अंथरुणाची करतात. हे ना मुलाला माहीत होते, ना मला. आम्ही दोघेही चुकलो होतो, त्यामुळे घरातील भांडण मात्र चटकन मिटले. आज तेथे आमचे अंथरूण-पांघरुणाचे दुकान आहे.

तेव्हापासून ती वही चालू आहे. मोठा निर्णय घेण्यापूर्वी मी तारीख घालून चार ओळी लिहितो : काय ठरविले, का ठरविले, मी चुकलो असेन तर ते कशावरून कळेल आणि पुन्हा केव्हा पाहायचे. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी या दोन्ही वेळी मी लिहिलेले अंदाज आज वाचले तर हसू येते. पण वही नसती, तर "मी तेव्हाच म्हणालो होतो" असे मी नातवंडांना बेधडक सांगितले असते.

हे सर्वच निर्णयांना लागू पडते असे मात्र नाही. मुलीच्या लग्नाचा प्रयोग करून पाहता येत नाही. गंभीर आजारात डॉक्टरांवर भरवसा ठेवावा लागतो. काही गोष्टी आपण व्रत म्हणून पाळतो, त्या फळ पाहून पाळत नाही. आणि दुकानात गर्दी असताना पाच पायऱ्या मोजत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. पण एखाद्या माणसाची भाकर किंवा त्याची अब्रू ज्यावर अवलंबून आहे, अशा निर्णयात थान मोजायला लागणारा अर्धा तास आपल्याजवळ नेहमी असतो.

शेवटी आपल्या संस्थेविषयी एक गोष्ट, आणि मग मी थांबतो. दर जूनमध्ये आपण शाळांतून वह्यांचे मोफत वाटप करतो. उपक्रम स्तुत्य आहे, पूज्य ज्येष्ठांनी सुरू केला आहे आणि त्याला मीही यथाशक्ती देणगी देत आलो आहे. गेल्या वर्षी वाटपानंतर मी एका शाळेत मागे थांबलो आणि मुख्याध्यापिकाबाईंना विचारले की या वह्या पुरतात का? त्या संकोचाने म्हणाल्या, "पुरतात भाऊ, आणखी दोन संस्थांच्याही येतात. काही मुलांच्या घरी मागच्या वर्षीच्या कोऱ्या पडून आहेत." आणि मग म्हणाल्या की आठवी-नववीच्या काही मुली शाळा सोडतात, त्याचे कारण वह्या नसून बसचे भाडे आहे, घर मोशीच्या पलीकडे गेले की भाडे परवडत नाही.

ही एका शाळेतील एका बाईंची माहिती आहे. तिच्यावरून वह्या बंद करा असे मी म्हणणार नाही. ती पुन्हा तीच उडी ठरेल. माझी विनंती इतकीच आहे की या वर्षी वाटपापूर्वी आपल्या चार कार्यकर्त्यांनी सर्व शाळांत जाऊन दोन प्रश्न विचारावेत : मागच्या वर्षीच्या वह्यांचे काय झाले, आणि ज्या मुलांनी शाळा सोडली त्यांनी का सोडली. उत्तरे लिहून आणावीत, आणि त्यानंतर वह्या की बसचे पास, हे विश्वस्त मंडळाने ठरवावे. तसा लेखी प्रस्ताव मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी कार्यालयात दिला आहे. शाळांत फिरणाऱ्या चारजणांत एक नाव माझे धरावे.